वैलावरचा कांदा

फ्रेंच अनियन सूपला दोन आगी लागतात. पहिली खालची, मंद, तासन्‌तास चालणारी; तिनं कांद्याचा ताठा उतरवायचा. दुसरी वरची, धगधगती, जेमतेम चार-पाच मिनिटांची. तिनं पावावरचं चीज करपायच्या काठापर्यंत न्यायचं आणि तिथंच थांबायचं. पाककृतीच्या पुस्तकांत पहिल्या आगीवर पानभर मजकूर असतो आणि दुसरीवर एक ओळ. पहिली आग स्लो कुकरच्या हवाली केली, की ती पानभर सूचनाही गळून पडते. कांदा चिरा, भांड्यात घाला, झोपा. सकाळी सूप तयार. आळशी माणसाची युक्ती म्हणून तिची बरीच थट्टा झाली आहे. माझ्या मते ही युक्ती नव्हे. मूळ पदार्थाची ती वेगळी रचना आहे आणि तिचे गुणदोष तिच्याच हिशेबानं पाहावे लागतात.

मी हे सूप लक्ष देऊन चाखलं ते खातेगावात. इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर कन्नौद मागे पडलं की हे गाव येतं. पुढे थोड्याच अंतरावर नेमावर, जिथं नर्मदेचं नाभिस्थान मानतात, आणि पलीकडच्या काठावर हंडिया. होळकरशाहीत हा सगळा नेमावर जिल्ह्याचा मुलूख. आज तो देवास जिल्ह्यात आहे. इथल्या किराणा दुकानात ग्रुयेर चीज मागितलं तर दुकानदार आपल्याकडे सहानुभूतीनं पाहतो. बगेत नाही, वाइन नाही, थाइम नाही. मग इथं फ्रेंच सूप कशाला? कांदा आहे म्हणून.

आणि कांदा किती आहे, ते २०१६ आणि २०१७ च्या उन्हाळ्यांनी दाखवून दिलं. मध्य प्रदेश सरकारला पहिल्या वर्षी ६ रुपये आणि दुसऱ्या वर्षी ८ रुपये किलोनं शेतकऱ्यांचा कांदा विकत घ्यावा लागला. घेतलेला ठेवायचा कुठं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पावसानं गाठलं आणि बराच माल सडून गेला. या सुपामागेही अशीच मुबलकता आहे. चौदाव्या-पंधराव्या लुईपर्यंत नेऊन भिडवणाऱ्या दंतकथा फ्रेंच लोक मोठ्या चवीनं सांगतात. पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास शालोंच्या खानावळीत उतरला, तिथं त्यानं हे सूप चाखलं आणि आचाऱ्याकडून शिकून घेतलं, ही त्यातली एक. मला राजापेक्षा हमाल जास्त विश्वासाचा वाटतो. पॅरिसच्या मध्यावर ले आल नावाचा घाऊक बाजार होता. १९६९ साली तो शहराबाहेर रँजीसला हलवला. तोवर पहाटेच्या थंडीत गाड्या उतरवणारे हमाल आणि रात्र नाचगाण्यात घालवून आलेले शौकीन, दोघंही त्या बाजारातल्या उपाहारगृहांत हेच सूप पीत. १९४७ साली उघडलेलं ‘ओ पिए द कोशों’ त्यांपैकीच एक. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं आणि रात्री दुकानांच्या फळ्या लागल्या की भुट्ट्याचा कीस. तिथं उभं राहून खाल्लेल्यांना ले आल वेगळा समजावून सांगायला नको.

मालव्याच्या स्वयंपाकघराला परक्या पदार्थाचा विटाळ कधीच नव्हता. धारजवळच्या मांडूत पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुलतान गियासशहा खिलजीनं ‘निमतनामा’ हा पाकग्रंथ लिहवून घ्यायला सुरुवात केली आणि त्याचा मुलगा नासिरशहा याच्या काळात तो पुरा झाला. ती हस्तलिखित प्रत आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कांदा-आलं घातलेल्या खिम्याचे समोसे त्यात आहेत, अत्तरं आहेत, सरबतं आहेत. पण मला जास्त आवडतात ती त्यातली पन्नास चित्रं. त्यांत झुपकेदार मिशांचा सुलतान कडेला बसलेला असतो आणि समोर आचारी काहीतरी ढवळत असतात. राजा लढाईवर नाही, दरबारात नाही. रटरटणाऱ्या भांड्यासमोर बसून आहे. पदार्थ तयार होताना पाहणं हाही खाण्याचाच भाग आहे, हे त्याला पटलेलं दिसतं.

स्लो कुकरसमोर बसून मात्र पाहण्यासारखं काही नसतं. निदान तसं वाटतं. ज्या घरी हे सूप झालं तिथल्या काकू तासातासानं झाकणाच्या काचेतून डोकावत होत्या. त्यांचं मराठी इंदुरी वळणाचं आणि स्वयंपाकाच्या बाबतीत त्या कुणाचीही भीड ठेवत नाहीत.

“अरे, फोडणी कधी घालणार?”

“काकू, यात फोडणी नाही.”

“मग हा कांदा आत बारा तास करतोय तरी काय?”

या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं, तर सुपाचं निम्मं रसग्रहण त्यातच होतं.

आपल्याकडचा सगळ्यात झटपट कांदा म्हणजे बुक्कीनं फोडलेला. भाकरी, ठेचा आणि बुक्कीचा कांदा. बुक्की बसते तेव्हा कांद्याच्या पेशी फुटतात, एकमेकांपासून वेगळे ठेवलेले दोन घटक, गंधकाची संयुगं आणि त्यांच्यावर काम करणारं विकर, एकत्र येतात आणि क्षणात तो उग्र, नाकात शिरणारा दर्प तयार होतो. डोळ्यांत पाणी आणणारा वायूही त्याच धुमश्चक्रीतला. त्या वायूसाठी एक वेगळंच विकर कामाला असतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं आणि पुढे २०१३ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल हे गमतीदार पारितोषिकही मिळालं. आता हाच कांदा चिरून मंद आचेवर ठेवला, की गरमीनं विकरं निकामी होतात, उग्र संयुगं उडून जातात किंवा मोडतात. शिवाय चिरताना जी उलाढाल सुरू झालेली असते, तिच्यातून शिजताना एक असा रेणू घडतो, ज्याची चव मटणाच्या रश्शाशी नातं सांगते. म्हणून चिरलेला कांदा भांड्यात जाण्यापूर्वी अर्धा तास तसाच पडू द्यावा. शाकाहारी घरात हे सूप करणाऱ्यानं तर नक्कीच.

मग गोडवा कुठून येतो? तो कांद्यात आधीपासूनच असतो. तिखटपणा त्याला झाकून ठेवतो, इतकंच. इथंच निवडीची गंमत आहे. सूप गोड हवं म्हणून अलिबागचा पांढरा कांदा घ्यावा, असं कुणालाही वाटेल. घेऊ नये. तो कच्चा खायचा, कोशिंबिरीचा. त्याचा मवाळपणा बारा तासांत विरून जातो आणि हाती पुळचट लगदा राहतो. खरीपाचा पोळ कांदाही नको, त्यात पाणी फार. रांगडा चालेल. पण या सुपाचा खरा कांदा म्हणजे रब्बीचा, एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा. घट्ट, कोरडा, चिरताना रडवणारा. जो जास्त रडवतो त्याच्यात सांगण्यासारखंही जास्त असतं. तो उभा चिरावा, देठापासून मुळापर्यंत, जरा जाडसर. आडवा चिरला तर धागे तुटतात आणि सकाळी भांड्यात कांद्याऐवजी जॅम सापडतो.

लोणी की तूप, यावर काकूंचं मत तुपाच्या बाजूनं होतं. माझं लोण्याच्या. लोण्यातला दुधाचा अंश हळूहळू तांबूस होतो आणि कांद्याला साथ देतो. तुपात ते आधीच होऊन गेलेलं असतं, त्यातला तो अंश बेरीच्या रूपानं बाजूला निघालेला असतो. शिवाय तुपाचा वास सुपात शिरला, की जीभ शिऱ्याची वाट पाहू लागते.

आता ते भांडं. स्लो कुकर हे विजेवर चालणारं, मातीच्या जाड पोटाचं पातेलं. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, डाळी, कंदमुळांचं भांडं पाववाल्याच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी, चूल पेटवणं वर्ज्य असताना, ते गरम गरम काढून खायचं, ही रीत त्यांनी आईकडून ऐकली होती. त्या शनिवारच्या पाळणुकीचा मराठी माणसाला अगदीच अपरिचय नाही. कोकणात घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनवार तेली’ म्हणूनच ओळखले गेले. १९७१ मध्ये हेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावानं अमेरिकेच्या बाजारात आलं आणि घराघरांत पोचलं.

आपल्या जुन्या चुलीला वैल असे. जाळ चुलीत आणि त्याची वाट चुकलेली धग वैलात. तव्यावर भाकऱ्या होत, तोवर आमटी किंवा दूध वैलावर सरकवून ठेवायचं. ते खदखदत नाही, गारही होत नाही. स्लो कुकर म्हणजे फक्त वैल, चूल नाहीच. त्याचं बळ त्यातच आहे आणि उणीवही तिथंच.

कारण असं, की भांड्यात पाणी आहे तोवर आतला पदार्थ १०० अंशांच्या वर जात नाही. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी, वर झाकण, वाफ बाहेर पडायला वाव नाही. कढईत परतताना पाणी आटलं की तळाशी असलेला कांदा दीडशे अंशांच्या आसपास पोचतो आणि भराभर तांबूस होतो, कडेनं थोडा करपतोही. इथं तसं होत नाही. पहिले तीन-चार तास कांदा स्वतःच्याच पाण्यात पोहत असतो आणि घरभर एक ओशाळवाणा, उकडलेला वास पसरतो. या टप्प्यावर बरेचजण धीर सोडतात. सहाव्या तासाला तो पारदर्शक, आठव्याला गवती रंगाचा. वास बदलतो, उकडलेपणा जातो आणि भाजक्या शेंगदाण्याची आठवण देणारं काहीतरी येतं. कांद्यातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे यांची जी प्रक्रिया तव्यावर मिनिटांत होते, तीच इथं तासांच्या हिशेबानं होत असते. शेवटचे दोन-तीन तास झाकण कलतं ठेवलं की पाणी उडतं, मातीच्या कडांना चिकटलेला थर गडद होतो, तो खरवडून पुन्हा आत घ्यायचा. बाराव्या तासाला दोन किलो कांद्याचा पाव हिस्सा उरतो, काकवीच्या रंगाचा. काहीजण रंग लवकर यावा म्हणून चिमूटभर सोडा टाकतात. रंग येतो खरा, पण कांद्याचा धागा मरतो. ती लबाडी मला मान्य नाही.

देवास जिल्ह्यात बसून मंद आचेबद्दल लिहायचं म्हटलं की विलंबित ख्यालाची उपमा हात जोडून उभी राहते. तिला परत पाठवायला हवं. १९४८ पासून देवासात राहिलेल्या कुमार गंधर्वांचा ओढा तर मध्यलयीकडे होता.

या कांद्याचा एक चमचा नुसता तोंडात घेतला तर काय लागतं? आधी गोड. मग खारट, कारण मीठ सुरुवातीलाच घातलेलं आहे. मग ती मांसल खोली. आणि नंतर काहीच नाही. ही उणीव मराठी जिभेला फार लवकर कळते. आपण कांदा भाजतो तो निखाऱ्यावर किंवा थेट जाळावर, साल काळी होईपर्यंत. वाटणात खोबऱ्याबरोबर तो वाटला जातो तेव्हा त्याच्यासोबत एक कडवट, धुरकट रेघ रश्शात उतरते. कोल्हापूरचा तांबडा असो की नागपूरचा सावजी, मसाल्यांच्या गर्दीतही ती रेघ ओळखू येते. स्लो कुकरच्या कांद्यात ती नाही. त्याचा गोडवा गोल आहे, काठ नसलेला. कढईत तासभर उभं राहून परतलेल्या कांद्यापाशी तो काठ असतो, म्हणून पुष्कळ रसिक स्लो कुकरच्या सुपाला दुय्यम मानतात. ते ज्या जागी उणं शोधतात ती जागा बरोबर आहे. पण त्या पोकळीत दुसऱ्या आगीला शिरायची सोय होते, हे ते पाहत नाहीत. खालचा कांदा जितका सौम्य, तितकी वरच्या करपल्या थराला किंमत. कढईतल्या कांद्याच्या सुपात चीज हा साज असतो; इथं त्याच्यावाचून वाक्य पुरं होत नाही.

मधला द्रव पदार्थ म्हणजे फ्रान्समध्ये बीफचा स्टॉक. इथं तो प्रश्नच नाही. भाज्यांचा स्टॉक फिका पडतो. काकूंच्या घरी आदल्या दिवशी पुरण झालं होतं आणि हरभऱ्याच्या डाळीचा कट शिल्लक होता; कटाची आमटी व्हायची ती टळली आणि तो सुपात गेला. हा योग जमून आला हे खरं, पण आता मी तो मुद्दाम जमवून आणीन. कटाला अंग असतं, डाळीचा स्वतःचा मातकट गोडवा असतो, आणि कांद्यापुढे तो आगाऊपणा करत नाही. फक्त गूळ-वेलची पडण्याआधीचा कट हवा. पांढऱ्या वाइनची जागा चमचाभर द्राक्षाच्या व्हिनेगरनं घेतली. लिंबू पिळायचा मोह आवरावा. लिंबाचा वास कांद्याच्या डोक्यावर चढून बसतो.

आणि पाव. इथं खातेगावनं या पदार्थाला काहीतरी दिलं, असं मला वाटतं. बगेतचे काप सुपात दहा मिनिटांत भिजून फडकं होतात. म्हणून ते शिळे घ्या, कडक भाजा, अशा सूचना असतात. मालव्यात बाफला आहे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात मोहन आणि ओवा घालून गोळे करायचे, ते आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे. आधी पाणी, नंतर आग. सुपाचाही क्रम नेमका हाच आहे. एकदा उकळून निघालेलं पीठ दुसऱ्यांदा पाण्याला घाबरत नाही. बाफल्याच्या चकत्या कापून तव्यावर कोरड्या भाजल्या आणि सुपावर ठेवल्या, तर त्या खालून ओल आणि वरून टणक अशा दोन्ही अवस्था बराच वेळ सांभाळतात. तुपात बुडवलेला बाफला मात्र इथं घेऊ नये, सुपावर तवंग येतो. वरणात कुस्करून तूप ओतलेल्या बाफल्याची थोरवी वेगळी, तिच्याशी या सुपाचं भांडण नाही.

बाफल्यातल्या ओव्यानं आणखी एक काम केलं. फ्रेंच कृतीत थाइमची काडी लागते. थाइमचा जो ओळखीचा वास, तो मुख्यतः थायमॉलचा, आणि ओव्याचा वासही त्याच थायमॉलचा. पहिल्या महायुद्धापूर्वी हे द्रव्य काढण्यासाठी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीला जात असे. म्हणजे दुकानदारापाशी जी काडी नव्हती, तिचा सुगंध पिठात मळून तयारच होता. ओवा थाइमपेक्षा दांडगा असतो, सुपात थेट टाकला तर पोटदुखीच्या औषधाची आठवण होते. पण पिठात भाजून निघालेला ओवा नमतो आणि घासाघासाला मधूनच डोकं वर काढतो. आयात केलेल्या वाळक्या थाइमच्या बाटलीपेक्षा मला हे जास्त आवडलं.

चीजच्या बाबतीत मात्र तडजोडीला तडजोडच म्हणावं लागेल. ग्रुयेर किमान पाच महिने मुरलेलं असतं. वितळलं की तारा सुटतात आणि भाजलं की त्याला अक्रोडासारखी चव येते. चौकोनी प्रोसेस्ड चीज गुळगुळीत वितळतं, तार धरत नाही. गौडा मिळालं तर बरं. इंदूरला ते मिळतं, आणि तेच आणलं होतं. ओव्हन नव्हता, म्हणून वरच्या आगीसाठी काकूंची पद्धत वापरली: सूप छोट्या लोखंडी कढईत, त्यावर चकत्या, त्यांवर चीज, वर उलथा जाड तवा आणि तव्यावर लाल निखारे. कोकणात काकडीचं धोंडस असंच वर-खाली निखारे घालून होतं. इथं खाली काही नको, फक्त वर. पाच मिनिटांत चीजवर तपकिरी फोड आले, एका कडेला काळी चट्टी पडली. ती काळी चट्टी म्हणजे या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग.

चमचा आधी तिथंच घालावा. थर कडकडून फुटतो, कडवट-खारट चीज, मग चिवट बाफला आणि त्यातला ओवा, आणि या सगळ्याखालून तो बारा तासांचा कांदा वर येतो. एकटा असताना जो गोडवा सपाट वाटला होता, त्याला आता काठ मिळालेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला चट्टी संपते आणि सूप पुन्हा मवाळ होत जातं. म्हणून हे सूप मोठ्या बाउलमध्ये देणं मला चुकीचं वाटतं. भांडं लहान, तोंड रुंद, थर पूर्ण. थर आणि सूप एकदमच संपायला हवेत.

खाण्याचा मुहूर्त म्हणाल तर कांदेनवमीचा. आषाढ शुद्ध नवमी, चातुर्मासापूर्वी घरातला कांदा संपवायचा दिवस. उन्हाळ कांदा चाळीत भरलेला, बाहेर पावसाची सुरुवात, आणि पुढे चार महिने कांदा बंद. नर्मदेचे परिक्रमावासीही चातुर्मासात वाट थांबवतात, आणि नेमावर हे जैनांचंही तीर्थ. तिथल्या कित्येक घरांत कांदा बाराही महिने उंबऱ्याबाहेर. आपल्याकडे त्या नवमीला भजी होतात, थालीपीठं होतात, भरली वांगी होतात, सगळा झणझणीत बेत. त्यात एखादा कांदा आदल्या रात्रीच वैलावर चढवून ठेवायला हरकत नसावी.

उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी दाट झालं होतं. काकूंनी त्याला हिरव्या मिरचीची आणि लसणाची खमंग फोडणी दिली, ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढलं आणि कालच्यापेक्षा चांगलं झाल्याचं जाहीर केलं. सगळ्यांनी पुन्हा मागून घेतलं, मीही. झालं होतं उत्तमच. फक्त त्याच्यावर लिहायचं तर फ्रान्सला मध्ये आणायचं काही कारण उरत नाही.